स्वस्तातलं घर

"घरात कोन हाय का?"

मालनने सुपावरची नजर उचलली. पडवीत बसून ती बाजरीतले खडे वेचत होती. फाटकाबाहेर एक बाई उभी होती. पन्नाशीची असावी, पण उन्हातान्हाने सत्तरीची दिसत होती. नऊवारी लुगडं घोट्यापर्यंत धुळीने भरलेलं, हातात कापडी पिशवी, कपाळ मोकळं.

"पाणी पाहिजे का मावशी?"

"न्हाई."

"मग कुणाकडे आलात?"

बाईने फाटकाची कडी हातात धरली होती, पण उघडली नव्हती. "तुमचं सैपाकघर बघायचं हुतं," ती म्हणाली.

मालनला हसू आलं आणि बरंही वाटलं. केडगावात राहायला येऊन दोन महिने होत आले होते, पण तिचं घर बघायला कोणी म्हणून आलं नव्हतं. गल्लीतल्या बायका नळावर बोलत, देवीच्या देवळात भेटत, हळदीकुंकवाला बोलावत. पण मालनने "या ना आमच्याकडे" म्हटलं की प्रत्येकीला काहीतरी काम आठवे. शेजारची छबूबाई रोज यायची, पण पडवीच्या पायरीवर बसायची. चहाही तिथेच घ्यायची. आपण पुण्याकडून आलेलो म्हणून बायका बुजत असतील, अशी मालनने मनाची समजूत घातली होती.

तिला तर घर दाखवायची भारी हौस. सतरा वर्षं तिने भोसरीच्या एका चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत काढली होती. पलंगाच्या पायथ्याशी स्टोव्ह, स्टोव्हला लागून मोरी, मोरीवर दोरी आणि दोरीवर नवऱ्याचे ग्रीसने माखलेले कपडे. उकिडवं बसून स्वयंपाक करता करता तिचे गुडघे धरले. मुलगी रुपालीही त्याच खोलीत लहानाची मोठी झाली. नवरा मच्छिंद्र एका वर्कशॉपमध्ये टर्नर. भोसरी, पिंपरी, पार चऱ्होलीच्या माळापर्यंत दोघांनी जागा बघितल्या. दर वेळी परत येताना बसमध्ये दोघंही एकमेकांशी बोलत नसत. मग चौऱ्याण्णव साली मालकाने तिथली शेड विकली आणि मशिनं नगरला, नागापूरच्या एमआयडीसीत हलवली. ज्याला यायचं त्याने यावं, नाही त्याचा रामराम. मच्छिंद्र म्हणाला, "चल. तिकडे निदान आपल्या नावावर चार भिंती तरी होतील." माणसं मूळची श्रीगोंद्याकडचीच, नगर काही त्यांना परमुलूख नव्हता.

घर महिन्याच्या आत मिळालं. पुणे रस्त्यापासून आतल्या बाजूला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे पडवी, मागे न्हाणी आणि एक शेवग्याचं झाड. विकणारा राधाकृष्ण नावाचा गृहस्थ. पांढरी टोपी, बोलायला मवाळ. मुलाने सुरतेला धंदा टाकलाय, घर तीन वर्षं बंदच आहे, आता कोण राहणार इथे, असं म्हणाला. मालनने बाकीचं घर नीट बघितलंच नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथेच उभी राहिली. कमरेइतका उंच, काळ्या कडप्प्याचा ओटा. ओट्यावर खिडकी. आणि चारी भिंतींना मोरपंखी ऑइल पेंट, नुसता आरसा. बाकी घराला साधा चुना होता, तोही पोपडे धरलेला. ह्यांच्या घरातली बाई सुगरण असणार, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

"या की, आत या," मालन उठली.

बाईने टायरच्या चपला फाटकाबाहेरच काढल्या. पडवी, पुढची खोली, मधली खोली. कुठेही न बघता ती मालनच्या मागून सरळ चालत आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी मात्र थांबली. मग आत आली आणि भिंतीला तळहात लावून उभी राहिली.

"ही खिडकी तुमी केली का?"

"नाही हो. आधीचीच आहे. वारं छान येतं."

"खिडकी हुती," बाई म्हणाली. "मंग आवाज गेला आसंल भाईर."

मालनला काही उमगलं नाही. बाई मागे वळली. दाराची फळी ओढून तिने आतली कडी बघितली, मग बाहेरची बघितली. बाहेरची कडी दोनदा लावली, दोनदा काढली.

"मावशी, काय शोधताय?"

"माजी लेक हुती हितं. सीमा. हितंच जळाली. पोळ्याच्या आदल्या दिशी. चार वर्सं झाली."

मालनला आधी वाटलं, बाईचं घर चुकलं. तसं ती म्हणालीसुद्धा.

"न्हाई चुकलं. फाटक त्येच हाय. आदी आल्ते दोन-तीनदा, तर कुलूप हुतं. आज उगडं दिसलं." बाईने पदराने भिंतीवरचा स्वतःच्या हाताचा ठसा पुसला. "तुमच्या कामाचा खोळंबा केला. येते मी. तिसगावला जायचंय, गाडी चुकंल."

ती गेल्यावर मालन बराच वेळ तशीच उभी होती. मग तिने उलथनं घेतलं आणि ओट्याच्या वरच्या कोपऱ्यात, कुणाच्या नजरेला येणार नाही अशा जागी, टोकाने रंग खरवडला. मोरपंखी पापुद्रा निघाला. खाली चुना होता. चुन्याखाली भिंत काळी होती.

मच्छिंद्र पहिली पाळी करून पाच वाजता आला. मालनने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

तो न्हाणीत हात धूत होता. ग्रीस निघायला वेळ लागतो, तसा त्याने वेळ लावला.

"काय ते?"

"त्या राधाकृष्णाची सून. ह्या घरात."

"होतं."

"कधीपासून?"

"सौदा व्हायच्या आधीपासून. नाक्यावरच्या टपरीवर एकाने सांगितलं. म्हणून तर दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्याला निम्म्यावर आणला." तो टॉवेलला हात पुसत बाहेर आला. "डोळे काय वटारतेस? नाहीतर परवडलं असतं का आपल्याला? भोसरीत मोरी तरी मिळाली असती का ह्या पैशात? तुला ओटा पाहिजे होता ना? उभं राहून स्वयंपाक करायचा होता ना? हाच ओटा होता आपल्या ऐपतीचा."

"अहो, मी रोज तिथे भाकरी थापते."

"थाप मग. कुठल्या घरात कोण मेलेलं नसतं?" जेवताना मात्र तो जरा नरमला. "परत जायचं का भोसरीला? तसं सांग."

तीन दिवस मालनने पडवीत स्टोव्ह मांडून, उकिडवं बसून स्वयंपाक केला. गुडघे सुजले. रस्त्याने जाणारी-येणारी माणसं बघू लागली. चौथ्या दिवशी ती ओट्याशी जाऊन उभी राहिली.

छबूबाईला तिने पायरीवर गाठलं. "इतके दिवस माझ्या दारात बसून चहा पिता. एकदा तरी सांगायचं होतंत."

"काय सांगायचं?" छबूबाई म्हणाली. "स्टोचा भडका उडाला, आसं मी कोर्टात सांगितलंय. आता तुमाला येगळं सांगू का?"

"पण खरं काय?"

"रुपालीच्या आई, आमाला शेजारी राहायचं हुतं. त्यांचा नळ आन् आमचा नळ येका लायनीवर." छबूबाई बोटाने पायरीवरची माती सारखी करत राहिली. "मी काय ऐकलंबी न्हाई. रेडू लई मोठ्यानं लावला हुता त्यांनी."

दुसऱ्या दिवशी ती नेहमीच्या वेळेला आली, नेहमीच्या पायरीवर बसली. मालनने चहा दिला. देणार नाही तर काय करणार? तिलाही शेजारीच राहायचं होतं.

ती म्हातारी, बनुबाई तिचं नाव, महिन्याने परत आली. सेशन कोर्टात सीमाच्या सासरचे सगळे सुटले होते. वरच्या कोर्टात अपील टाकलं होतं. त्याची चौकशी करायला ती दर महिन्याला नगरला वकिलाकडे यायची. वकील म्हणायचा, लागेल तारीख. मग ती माळीवाड्याच्या स्टँडवरून केडगावपर्यंत चालत यायची. कधी पिशवीत ओंजळभर मटकी, कधी भुईमुगाच्या शेंगा. मालनने पहिल्यांदा नको म्हटलं. नंतर ती म्हातारीची वाट बघू लागली. मालनची आई ती लहान असतानाच गेली होती.

रुपालीला एकोणिसावं लागलं होतं. ती शिवणाच्या क्लासला जायची. तिला बनुबाईची भीती वाटायची नाही. बनुबाई स्वयंपाकघरात ओट्याला पाठ टेकून बसायची आणि रुपालीच्या डोक्याला तेल लावून वेणी घालायची. घट्ट, खेड्यातली वेणी. रुपाली ओरडायची, "आजी, हळू!" आणि म्हातारी हळू करायची नाही.

बोलायची फार थोडं. तिसऱ्या का चौथ्या खेपेला, रुपाली क्लासला गेल्यावर, आपण होऊन बोलली.

"दोन डाव माघारी आल्ती सीमा. पाठीवर वळ हुते. पयल्या डावाला तिच्या बापानं आनून घातली, तवा ते जित्ते हुते. दुसऱ्या डावाला मी. एसटीनं आनली. वाटंनं येक शबुद बोलली न्हाई, नुसती खिडकीतनं बघत हुती. हितं फाटकात सोडली आन् म्हनले, आता परत यिऊ नको, तुज्या मागं दोन भनी हायेत उजवायच्या. नांद. तिची सासू म्हनली च्या घ्या. मी म्हनले गाडी जाईल. पाऊल आत टाकलं न्हाई. तिचं सैपाकघर कसं हाय, मी कदी बघितलंच न्हाई." तिने तेलाच्या बाटलीचं बूच घट्ट बसवलं. "बाराव्या दिशी सांगावा आला."

"आणि त्या बहिणी?"

"उजवल्या. चांगल्या घरी पडल्या दोगीबी."

मालनने ओटा पुसायला घेतला. तो स्वच्छच होता, तरी पुसला. मग म्हणाली, "चहा टाकते मावशी." त्या दिवशी बनुबाईने त्या घरातला पहिला चहा घेतला.

मार्गशीर्षात रुपालीला राहुरीकडचं एक स्थळ आलं. मुलगी पसंत पडली. याद्या करायचं ठरलं आणि आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी चांगली आहे, माणसं चांगली आहेत; पण ज्या घरात सून जळाली त्या घरची सोयरीक नको.

"आपण जाळली का तिला?" मालन म्हणाली.

मच्छिंद्र ताटावरून तसाच उठला. "ते लोकांना जाऊन सांग. घर आपलं आहे, नाव आपलं लागणार. पुढच्या स्थळाला काही कळता कामा नये. आणि ती म्हातारी येते ना दर महिन्याला, ती बंद कर. सगळी गल्ली बघते."

"सांगते," मालन म्हणाली. पण पौषात बनुबाई आली तेव्हा तिने रुपालीच्या तिळगुळासाठी घरचे तीळ आणले होते. मालनने ते डब्यात भरून ठेवले. पुढच्या खेपेला सांगू, असं तिने ठरवलं.

दुसरं स्थळ कोपरगावकडचं. लांबचं, म्हणून बरं. मुलगा शुगर फॅक्टरीत क्लार्क, घरची बागायत, एकुलता एक. रविवारी बघायला येतो म्हणाले. मालन निर्धास्त होती, कारण बनुबाई रविवारी कधी येत नसे. वकिलाचं ऑफिस बंद असे.

मुलगा, त्याचे वडील, आई आणि एक आत्या अशी चौघं आली. छबूबाई मदतीला म्हणून आली होती. जन्मात पहिल्यांदा ती मागच्या दाराने त्या घरात शिरली आणि तिथेच दारापाशी कपबश्या विसळत बसली. रुपालीला अबोली रंगाची साडी, केसांत गजरा. पोहे झाले, प्रश्न झाले. मुलाच्या आईने उठून घर बघितलं. स्वयंपाकघरात आल्यावर तर तिने गालाला हातच लावला. "काय चकचकीत ठेवल्यात भिंती! मुलीला वळण आहे, दिसतंच आहे."

मालनचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढच्या दारातून हाक आली.

"माय, हायेस का?"

कुणी काही म्हणायच्या आत बनुबाई आत आली होती. पुढच्या खोलीत माणसं बसली आहेत, हे तिने बघितलंच नाही. पिशवी छातीशी धरलेली, डोळे सुजलेले. ती सरळ स्वयंपाकघरात आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली, पहिल्या दिवशी राहिली होती तशी.

मुलाची आई दोन पावलं मागे सरली. "ह्या कोण?"

मधल्या खोलीच्या दारात मच्छिंद्र आला होता. त्याने मालनकडे बघितलं. त्याच्यामागे मुलाचे वडील मान उंच करून बघत होते. रुपाली हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभी. मागच्या दारात छबूबाईच्या हातातली कपबशी वाजायची थांबली.

"कोणी नाही हो," मालन म्हणाली. "वेडी आहे. कुणाच्याही घरात शिरते मागायला. ध्यान नाही तिला."

बनुबाईने भिंतीवरचा हात काढला. तिने मालनकडे बघितलं. मग रुपालीकडे, तिच्या साडीकडे, गजऱ्याकडे. मग परक्या बाईकडे आणि दारातल्या माणसांकडे. सगळ्यांवरून तिची नजर एकदा फिरली. आणि मग मालनच्या डोळ्यांदेखत तिचा चेहरा सैल पडला. जबडा लोंबला. डोक्यावरचा पदर तिने स्वतःच्या हाताने खाली ओढला, आणि दोन्ही हात पुढे केले.

"भाकर वाढा की वो माय," ती म्हणाली. आवाजही तिचा नव्हता. "दोन दिस झाले. वाढा की."

"द्या काहीतरी आणि काढा बाहेर," मुलाच्या आईने निऱ्या उचलून धरल्या होत्या.

मालनने टोपल्यातली पोळी घेतली. पोळी तिने त्या दोन हातांवर ठेवली. बनुबाईने ती कपाळाला लावली, पिशवीत टाकली, आणि बाहेर जाता जाता रुपालीपाशी थांबून म्हणाली, "पोरीचं भलं हुईल."

फाटकाची कडी वाजली. मग आत्या हसली. "आशीर्वाद देऊन गेली की! वेड्याचा शब्द खरा ठरतो म्हणतात." सगळे हसले. मच्छिंद्र सगळ्यांत मोठ्याने हसला.

सुपारी त्याच दिवशी फुटली.

पाहुणे गेल्यावर रुपाली साडी न बदलता स्वयंपाकघरात आली. "आई, आजी होती ना ती?"

"तू गप बस," मालन म्हणाली. "तुझ्याचसाठी केलं."

फाल्गुनात पत्रिका छापून आल्या. एक पत्रिका आणि अक्षता घेऊन मालन पाथर्डी गाडीत बसली, कुणाला न सांगता. तिसगावला उतरून विचारत विचारत गेली. बनुबाईचं घर वस्तीवर होतं. पत्र्याचे दोन खण, दारात दोन शेळ्या. बनुबाई शेळ्यांना पाला टाकत होती. मालनला बघून ती गांगरली नाही. हात धुतले, घोंगडी अंथरली, पाणी दिलं. शेजारच्या सुनेला हाक मारून मालनला कुंकू लावायला सांगितलं.

"बसा. च्या टाकते तुमाला."

ती 'माय' म्हणाली नाही.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"पत्रिका आनली का? द्या हिकडं." बनुबाईने पत्रिका उजेडात धरली. "वाचाया येत न्हाई. ह्यो गनपती. आन् हे पोरीचं नाव का?"

"हो."

बनुबाईने नावावरून बोट फिरवलं आणि पत्रिका देव्हाऱ्यात ठेवली. चुलीवर चहा उकळू लागला. मालनने पुन्हा सुरुवात केली.

"त्याच्या आदल्या दिशी, शनवारी, वकिलाचं कारड आल्तं," बनुबाई चुलीकडे बघत म्हणाली. "मास्तरानं वाचून दाखवलं. अपील गेलं. सुटले ते समदे, कायमचे. रातभर बसून काढली. म्हनलं कुनाला तरी सांगावं. हितं लेकींना सांगायची सोय न्हाई, त्यांच्या सासरी कळंल. म्हनून त्या दिशी आल्ते."

मालन पदर तोंडाला लावून रडू लागली. बनुबाईने तिला रडू दिलं. जवळ आली नाही, उठून बाजूलाही गेली नाही. चहा गाळून कप तिच्यापुढे ठेवला.

"मला माफ करा मावशी."

"काय माफ करायचं? पोर उजवायची हुती. मी न्हाई का केलं तसंच?" ती स्वतःच्या कपात फुंकर घालत राहिली. "तुमी दिलेली पोळी मी स्टँडवर बसून खाल्ली. भूक खरीच लागल्ती."

निघताना मालनने अक्षता हातावर ठेवल्या. "लग्नाला या. तुमच्या हातची वेणी पाहिजे म्हणते रुपाली."

"येते की," बनुबाई म्हणाली. एसटीपर्यंत पोचवायला ती आली, आणि गाडीचा धुरळा उठायच्या आत वळून निघूनही गेली.

लग्न वैशाखात झालं, केडगावच्याच एका कार्यालयात. मालन सकाळपासून दाराकडे बघत होती. नगरकडून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला ती दोन पावलं पुढे जायची. नवरीची वेणी पार्लरवालीने घातली. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, भांडी मोजून झाली. बनुबाई आली नाही.

पाठवणीला पाच वाजले. वरपक्षाने भाड्याची ॲम्बॅसिडर आणली होती, टपावर झेंडूच्या माळा. रुपाली सगळ्यांच्या पाया पडली, सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. बायका एकामागून एक तेच सांगत होत्या. सासरचं नाव काढ. सासूच्या शब्दाबाहेर जाऊ नको. दोन्ही घरांचा दिवा हो. छबूबाईने तर तिच्या हनुवटीला हात लावून म्हटलं, "आता त्येच तुजं घर बरं का."

रुपाली मागच्या सीटवर मध्ये बसली. एका बाजूला नवरा. दुसऱ्या बाजूला सासू बसायची होती, ती अजून बाहेर आहेराच्या पिशव्या मोजत होती. मालनने बायकांना कोपराने बाजूला केलं आणि उघड्या खिडकीतून डोकं आत घातलं. तिच्या साडीला दिवसभराच्या घामाचा आणि धुराचा वास होता.

"रुपाली, ऐक माझं. तिथे काही झालं, काहीही झालं, तर निघून ये. कुणाला विचारत बसू नको. चपला नसल्या तरी तशीच ये. मी तुला परत नेऊन घालणार नाही. कोण काय म्हणेल ते म्हणू दे. ऐकतेस ना?"

रुपालीचे डोळे रडून लाल झाले होते. ती आधी मागे सरकली, मग तिने शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे चोरून बघितलं. तो समोर बघत होता. पण ऐकत होता. तिच्या चेहऱ्यावर लाजेने रक्त चढलं.

"आई, काय बोलतेस हे? आजच्या दिवशी?" ती दातांत बोलली. "माणसं ऐकतायत."

"ऐकू दे."

"पुरे ना, आई!"

बाहेरून सासूचा आवाज आला. "काय म्हणतायत विहीणबाई?"

"काही नाही," रुपाली म्हणाली, एकदम गोड आवाजात. "तब्येतीला जप म्हणतेय." आणि तिने काचेचा दांडा फिरवायला सुरुवात केली.

जुनी गाडी, काच अडखळत वर येत होती. मालनने डोकं बाहेर घेतलं. काचेच्या कडेला धरलेली बोटं काढून घेतली. मागे उभ्या असलेल्या बायकांना हाताने सरकायला सांगून तिने गाडीला जायला वाट करून दिली.